साखर जाळून फॉर्म्युला काढायचा: निपाणीच्या लॅबमधल्या प्रकल्प नोंदी

१० जून

फायनल इयरच्या पोरांचा प्रोजेक्ट आज ठरला, कंबशन ॲनालिसिस. पदार्थ ऑक्सिजनमध्ये पूर्ण जाळायचा, निघालेलं पाणी एका नळीत आणि कार्बन डायऑक्साइड दुसऱ्या नळीत पकडायचा, दोन्ही नळ्यांचं वजन किती वाढलं ते बघायचं आणि तेवढ्यावरनं त्या पदार्थाचा इम्पिरिकल फॉर्म्युला, म्हणजे त्यातल्या अणूंचं सगळ्यात साधं प्रमाण, काढायचा. गणित पोरांना झोपेतनं उठवलं तरी येतंय. फर्स्ट पीयूसीपासनं (म्हणजे अकरावीपासनं) करत आलेत, बारा भागिले चव्वेचाळीस, दोन भागिले अठरा, उरलेलं शंभरातनं वजा, झालं. पण प्रश्नात जे ग्रॅम दिलेले असतात ते कुणीतरी कधीतरी काट्यावर वाचलेले असतात, ते कसे वाचले, त्यात काय काय शिरू शकतं, हे ह्यांच्यातल्या कुणीच बघितलेलं नाही. खरं म्हणजे बऱ्याच कॉलेजात कुणीच बघत नाही.

सामान आहे बऱ्यापैकी. जुनी ट्यूब फर्नेस (नळी तापवायची भट्टी), एक सिलिकाची नळी, चार दशांश दाखवणारा बॅलन्स, सँपल ठेवायच्या पोर्सेलीनच्या छोट्या लांबट बोटी, आणि नळाच्या तोट्या असलेल्या यू-ट्यूब कपाटात तळाला पेपरात गुंडाळून ठेवलेल्या मिळाल्या. बाकीचं कोल्हापुरातनं आणायचं, बेळगावपेक्षा आपल्याला ते जवळ पडतंय.

सँपल साखर. ह्यावर चर्चा करायचीच गरज नव्हती, चिक्कोडी, रायबाग, अथणी, हुक्केरी, कुठंही बघा ऊसच आहे, निम्म्या पोरांच्या घरचा ऊस कारखान्याला जातो. आणि दुसरं म्हणजे किराणा दुकानात मिळणाऱ्या वस्तूंत साखरेइतका शुद्ध सेंद्रिय पदार्थ सहसा सापडत नाही. उत्तर आधीच माहीत आहे, सी१२ एच२२ ओ११, पण उत्तर माहीत असलेल्या पदार्थावरच पद्धत तपासता येते, अनोळखी पदार्थावर नाही.

एक गोष्ट ठरवून टाकली, ग्रुपमध्ये बोलणं सगळं मराठीत. एसएसएलसीपर्यंत (दहावीपर्यंत) मराठी शाळा आणि मग पीयूसीला एकदम इंग्लिश, त्यात हुशार पोरं सुद्धा प्रश्न विचारायची बंद होतात. जर्नल इंग्लिशमध्ये लिहू दे, डोकं मराठीत चालू दे.

१४ जून

मांडणी जुळवली. ऑक्सिजनचा सिलेंडर, मग येणारा ऑक्सिजन कोरडा आणि स्वच्छ करायला एक टॉवर, मग फर्नेसमधली सिलिकाची नळी, तिच्यात पुढं सँपलची बोट आणि मागं कॉपर ऑक्साइडचे काळे दाणे भरलेला लांब भाग, मग पहिली यू-ट्यूब पाणी पकडायला कॅल्शियम क्लोराइडची, दुसरी कार्बन डायऑक्साइड पकडायला सोडा लाइमची (चुना आणि सोडियम हायड्रॉक्साइडचं मिश्रण), त्यामागं एक राखणीची नळी म्हणजे खोलीतली हवा उलटी आत येऊ नये म्हणून, आणि सगळ्यात शेवटी चुन्याच्या निवळीतला बबलर. निवळी पांढरी झाली की समजायचं कार्बन डायऑक्साइड निसटला, तो रन, म्हणजे जाळण्याचा तो प्रयोग, बाद.

कॉपर ऑक्साइड कशाला, आधीच ऑक्सिजन सोडतोय की, असं संकेश्वरच्या पोरानं विचारलं. बरोबर विचारलं. साखर तापली की आधी वितळते, मग तिच्यातनं वाफा, धूर, थोडा कार्बन मोनॉक्साइड असं बरंच अर्धवट जळलेलं बाहेर पडतं, ते तसंच पुढं गेलं तर ते कुठल्याच नळीत पकडलं जात नाही आणि कार्बन कमी दिसतो. तापून लाल झालेलं कॉपर ऑक्साइड त्या सगळ्याला गाठून पूर्ण जाळतं.

नळ्यांचा क्रम मात्र मी सांगितला नाही, त्यांनाच शोधायला लावला. आधी सोडा लाइम ठेवला तर काय होईल? गळतग्याची पोरगी लगेच म्हणाली, "सोडा लाइम पाणी पण ओढतोय की मॅडम, मग पाणी कुठलं आणि कार्बन डायऑक्साइड कुठला कळणारच नाही." एवढंच. म्हणून पाणी आधी पकडायचं, ह्याला दुसरा मार्ग नाही.

त्याच्या पुढचा मुद्दा पुस्तकात फार क्वचित असतो. सोडा लाइममधला सोडियम हायड्रॉक्साइड कार्बन डायऑक्साइड घेतो तेव्हा सोडियम कार्बोनेट होतं आणि पाणी सुटतं. ते पाणी वायूबरोबर पुढं वाहून गेलं तर नळीचं वजन वाढायला पाहिजे तेवढं वाढत नाही. म्हणून दुसऱ्या नळीचा शेवटचा भाग पण कॅल्शियम क्लोराइडनं भरला, तिच्यात तयार झालेलं पाणी तिच्यातच राहू दे. जर्मन केमिस्ट लिबिगनं १८३१ मध्ये पोटॅशच्या (पोटॅशियम हायड्रॉक्साइडच्या) द्रावणाचे पाच फुगे असलेलं काचेचं उपकरण काढलं त्याच्या मागं सुद्धा पुढं वाळवणीची नळी लावायला लागले, कारण तेच, पोटॅशच्या द्रावणातनं पाणी उडून जायचं. लिबिगच्या आधी गे-लुसाक आणि थेनार हे फ्रेंच केमिस्ट पोटॅशियम क्लोरेटबरोबर पदार्थ जाळून वायूंचं आकारमान मोजायचे, फार किचकट काम. लिबिगच्या उपकरणानं ते नुसत्या वजनावर सोपं झालं आणि मग जर्मनीतल्या गिसेनमधले त्याचे विद्यार्थी रोजच्या रोज ॲनालिसिस करू लागले. ऑर्गॅनिक केमिस्ट्री उभी राहिली ती ह्या असल्या नळ्यांवर, हे पोरांना सांगताना मला अजूनही भारी वाटतं.

२३ जून

पाऊस लागलाय, काल रात्रीपासनं थांबलेला नाही. लॅबच्या भिंती ओल्या, फिल्टर पेपर हाताला मऊ लागतोय. असल्या हवेत पाण्याचं वजन करायचं म्हणजे काय ते आज कळलं.

काहीही न जाळता रन घेतला, ब्लँक. फर्नेस तापवली, रिकामी बोट ठेवली, ऑक्सिजन तेवढाच वेळ सोडला जेवढा खऱ्या रनला सोडणार. आणि दोन्ही नळ्यांचं वजन वाढलं. पाण्याच्या नळीत ८ मिलिग्रॅमच्या आसपास, कार्बन डायऑक्साइडच्या नळीत ६.

"मॅडम, काय जाळलंच नाही तर ह्याचं वजन कसं वाढालंय?"

पाण्याच्या नळीचं समजण्यासारखं आहे, पाऊस आहे, ओलावा शिरला असेल. पण दुसऱ्या नळीत कार्बन आला कुठनं? बबलर निवांत, निवळी स्वच्छ. मग कोगनोळीच्या पोरानं वही काढून एक हिशेब मांडला आणि मला त्याचं फार कौतुक वाटलं. नळी सुरुवातीला वजन केली तेव्हा तिच्यात हवा होती, रननंतर वजन केली तेव्हा तिच्यात ऑक्सिजन भरलेला होता. ऑक्सिजन हवेपेक्षा जड. पंचवीस अंशाला एक लिटर हवा साधारण १.१८ ग्रॅम, ऑक्सिजन १.३१. यू-ट्यूबमध्ये दाण्यांच्या मधली मोकळी जागा ५० मिलिलिटरच्या जवळपास धरली तर फरक होतो सहा-साडेसहा मिलिग्रॅम. म्हणजे कार्बनबिर्बन काही नाही, फक्त नळीतला वायू बदलला.

त्यामुळं आता नियम केला, रन संपला की ऑक्सिजन बंद करून कोरडी हवा दहा-पंधरा मिनिटं सोडायची, नळ्या हवेनं भरल्या की तोट्या बंद, मग लिंट न सुटणाऱ्या कापडानं पुसून बॅलन्सच्या शेजारी ठेवायच्या, गरम नळी काट्यावर कधीच नाही. हे केल्यावर दुसऱ्या नळीची वाढ जवळजवळ गेली आणि पाण्याच्या नळीत दोन मिलिग्रॅमच्या वर थोडी राहिली. ती खरी ओल. ऑक्सिजनच्या वाटेवर अजून एक वाळवणीचा टॉवर वाढवला तर एकच्या आसपास आली. तेवढी वजा करायची, प्रत्येक दिवशी नवा ब्लँक घेऊन, कारण पावसाचा दिवस आणि उघडीप ह्यात फरक पडतो.

२ जुलै

फर्नेस तापत असतानाच लाईट गेली. नळी गार होईपर्यंत ऑक्सिजन चालू ठेवला, दुसरं काही करता आलं नाही.

६ जुलै

साखरेचा पहिला रन. मुद्दाम एक गोष्ट न करता घेतला, ती काय ते पुढं येईल.

साखर वाटून, डेसिकेटरमध्ये (ओल न शिरणाऱ्या वाळवणीच्या भांड्यात) ठेवून ०.२०१२ ग्रॅम. बोटीत तिच्याबरोबर कॉपर ऑक्साइडची पूड मिसळली, नाहीतर साखर फसफसून बोटीबाहेर येते आणि काळा कोळसा नळीला चिकटून बसतो. बोट हळूहळू गरम भागात ढकलायची, घाई केली की एकदम वाफा निघतात आणि कॉपर ऑक्साइडला त्या आवरत नाहीत. सोडा लाइमची नळी हाताला कोमट लागायला लागली की पोरांचे चेहरे बघण्यासारखे, कारण ती ऊब म्हणजेच कार्बन डायऑक्साइड शोषला जातोय.

ब्लँक वजा करून पाणी ०.१२३९ ग्रॅम, कार्बन डायऑक्साइड ०.३०३१ ग्रॅम.

कार्बन: ०.३०३१ गुणिले १२.०११ भागिले ४४.०१, म्हणजे ०.०८२७ ग्रॅम, ४१.११ टक्के. हायड्रोजन: ०.१२३९ गुणिले २.०१६ भागिले १८.०१५, म्हणजे ०.०१३९ ग्रॅम, ६.८९ टक्के. उरला ऑक्सिजन ५२.०० टक्के. प्रत्येकाला आपापल्या अणुभारानं भागलं, कार्बन ३.४२३, हायड्रोजन ६.८३५, ऑक्सिजन ३.२५०. सगळ्यात लहान आकड्यानं भागलं, १.०५ : २.१० : १.

आणि वर्गातल्या सवयीनं सगळ्यांनी एकदम लिहिलं, १ : २ : १, सीएच२ओ. म्हणजे साखरेचं ग्लुकोज करून टाकलं!

इथंच मला थांबायचं होतं. परीक्षेतल्या गणितात आकडे गोड दिलेले असतात, १.०२ आलं की १, १.९८ आलं की २, त्यामुळं जवळ आलं की पूर्णांक करायचा हा हात बसलेला असतो. पण साखरेचं खरं प्रमाण १.०९ : २ : १ आहे, ग्लुकोजचं १ : २ : १, आणि कार्बनच्या टक्क्यात दोघांच्यात फरक आहे ४२.१ आणि ४०.०. आमचा ४१.१ बरोबर मध्ये येऊन बसलाय. असल्या वेळी पूर्णांक करायचा नसतो, थांबून विचारायचं असतं की माझ्या मोजण्यात किती चूक मावते.

९ जुलै

पोरांना घरी विचार करायला सांगितलेलं. आज गळतग्याची पोरगी कागद घेऊन आली. ०.२०१२ ग्रॅम शुद्ध साखरेतनं पाणी यायला पाहिजे ०.११६५ आणि कार्बन डायऑक्साइड ०.३१०४. म्हणजे पाणी ७.४ मिलिग्रॅम जास्त, कार्बन डायऑक्साइड ७.३ मिलिग्रॅम कमी. "इकडचं तिकडं गेलंय मॅडम. निसटलं असतं तर नुसतं कमी दिसलं असतं, हे पहिल्या नळीत अडकलंय."

अगदी हेच. बाजारात मिळणाऱ्या कॅल्शियम क्लोराइडमध्ये थोडा चुना असतो, आणि चुना कार्बन डायऑक्साइड धरून ठेवतो. त्यामुळं पाण्याच्या नळीत पाण्याबरोबर थोडा कार्बन डायऑक्साइड पण बसतो, पाणी जास्त दिसतं, कार्बन कमी. उपाय जुना आहे, नळी वापरायच्या आधी तिच्यातनं कार्बन डायऑक्साइड सोडायचा, चुन्याचं पोट भरू द्यायचं, मग कोरडी हवा सोडून जास्तीचा वायू काढून टाकायचा. हेच मी पहिल्या रनला केलं नव्हतं. सांगितलं असतं तर जर्नलमध्ये एक ओळ झाली असती, आता कुणी विसरणार नाही.

पण मला जास्त महत्त्वाचं वाटलं ते दुसरं. फळ्यावर तीन आकडे लिहिले: कार्बन खऱ्यापेक्षा ०.९९ टक्के कमी, हायड्रोजन ०.४१ जास्त, ऑक्सिजन ०.५८ जास्त. बेरीज करा, शून्य. टक्क्यांची बेरीज शंभरच येते, चुकलेल्या रनमध्ये सुद्धा शंभरच येते, कारण ती आपणच आणलेली असते. ऑक्सिजन आपण मोजलेलाच नाही. बाजारातनं आल्यावर ज्या पैशाचा हिशेब लागत नाही तो सगळा "चहापाणी" म्हणून लिहितात ना, तसं आहे हे, ज्याचा हिशेब लागत नाही ते सगळं ऑक्सिजनच्या नावावर. कार्बनची चूक, हायड्रोजनची चूक, सँपलमधली ओल, बोटीत राहिलेली राख, सगळं त्या एका आकड्यात जाऊन बसतं आणि बाहेरनं तो आकडा एकदम स्वच्छ दिसतो.

हे नुसतं आपल्या काचेच्या नळ्यांचं नाही. आता जी सीएचएनएस मशीन असतात त्यात दोन-तीन मिलिग्रॅम सँपल कथिलाच्या छोट्या डबीत घालून हजार अंशाच्या आसपास जाळतात, हेलियम ते वायू पुढं नेतो आणि काही मिनिटांत कार्बन, हायड्रोजन, नायट्रोजन, सल्फर चारी आकडे येतात, पण ऑक्सिजन त्या रनमध्ये येत नाही, येणार कसा, आपणच ऑक्सिजन सोडून जाळतोय. तो वेगळा काढायचा नाहीतर वजाबाकीनं लिहायचा.

२० जुलै

खानापूरकडं जाऊन आलेला एक पोरगा सांगत होता तिकडं तर सूर्यच दिसलेला नाही. इथं पण तेच. सँपल डेसिकेटरमधनं काढल्यापासनं बोट नळीत जाईपर्यंतचा वेळ कमी करायचा सराव चाललाय, मामा (आमचे लॅब अटेंडर) रबरी बुचाला ग्लिसरीन लावून एका हातात तयार उभे असतात, बोट आत गेली की बूच बसलं. त्यांचा हात बघून पोरं शिकतायत.

पाण्याला एवढं का जपायचं तेही आज आकड्यात काढलं. पाण्याच्या दर ग्रॅमला हायड्रोजनचे मोल (अणू मोजायचं माप) पडतात २ भागिले १८, कार्बन डायऑक्साइडच्या दर ग्रॅमला कार्बनचे १ भागिले ४४. म्हणजे एक मिलिग्रॅम पाणी चुकलं तर अणूंच्या हिशेबात जेवढी चूक होते ती एक मिलिग्रॅम कार्बन डायऑक्साइड चुकल्यावर होणाऱ्या चुकीच्या जवळजवळ पाचपट. आणि आपल्याकडं जुलैत हवेतच पाणी.

४ ऑगस्ट

आता रन एकसारखे यायला लागलेत. जर्नलसाठी धरलेला एक, साखर ०.२०४० ग्रॅम, पाणी ०.११८९, कार्बन डायऑक्साइड ०.३१३९.

कार्बन ४१.९९ टक्के, हायड्रोजन ६.५२, उरलेला ऑक्सिजन ५१.४९. मोल ३.४९६, ६.४६८, ३.२१८. प्रमाण १.०८६ : २.०१ : १.

खरे आकडे ४२.१०, ६.४८, ५१.४२. नव्या संयुगाचं ॲनालिसिस छापायला देताना ०.४ टक्क्याच्या आत असावं अशी जर्नल्सची जुनी प्रथा आहे, त्यात आपण आरामात बसतोय, पावसाळ्यात, हातानं जोडलेल्या नळ्यांवर. मला पोरांचा अभिमान वाटतोय.

पण प्रमाण १.०८६ चं करायचं काय? दहानं गुणलं तर १०.९ : २०.१ : १०, म्हणजे सी११ एच२० ओ१०. अकरानं गुणलं तर ११.९५ : २२.१ : ११, सी१२ एच२२ ओ११. बारानं गुणलं तर १३.०३ : २४.१ : १२, सी१३ एच२४ ओ१२. कार्बनचे टक्के अनुक्रमे ४२.३१, ४२.१०, ४१.९४. तिन्ही ०.४ च्या आत, आणि आमचा ४१.९९ खरं बघितलं तर तेरावाल्याच्या जास्त जवळ!

संकेश्वरचा पोरगा नाराज झाला, एवढं करून पण उत्तर नाही मिळालं म्हणून. मी म्हणलं मिळालं की, ग्लुकोज नाही हे पक्कं मिळालं, ४०.०० आणि ४१.९९ मधलं अंतर आपल्या चुकीपेक्षा खूप मोठं आहे. पण बारा की तेरा हे सांगायची ताकद ह्या मोजण्यात नाही, आणि नसलेली ताकद आहे असं दाखवायचं नाही. लहान रेणू असेल, अणू दोन-चार असतील तर कंबशन एकट्यानं फॉर्म्युला देतं. अणू वाढले की शेजारशेजारचे फॉर्म्युले टक्क्यात इतके जवळ येतात की दुसरा साक्षीदार आणावा लागतो.

११ ऑगस्ट

दुसरा साक्षीदार म्हणजे मोलर मास, एका मोलचं ग्रॅममधलं वजन, गोठणबिंदू किती उतरतो त्यावरनं. बर्फ, मीठ, बीकर, शतांश दाखवणारा थर्मामीटर. ५० ग्रॅम पाण्यात ६.८५ ग्रॅम साखर, गोठणबिंदू ०.७६ अंशांनी उतरला. पाण्याचा स्थिरांक १.८६ धरून मोलर मास आलं ३३५ च्या आसपास. खरं ३४२, दोन टक्के कमी, एवढ्या दाट द्रावणात तेवढा फरक पडतोच. पण आपल्याला निवडायचं आहे ते ३१२, ३४२ आणि ३७२ मधनं, तीस-तीसच्या अंतरावर उभे असलेले तिघे. ३३५ कुणाच्या जवळ आहे ते सांगायला नको.

कंबशन दशांश टक्क्यापर्यंत बारीक मोजतं आणि तरी बारा-तेरात अडकतं, गोठणबिंदू दोन टक्के चुकतो आणि तरी निकाल लावतो. दोन वेगळ्या प्रकारची मापं एकमेकांचं काम करतात ते असं.

२ सप्टेंबर

ॲस्कॉर्बिक ॲसिड, म्हणजे व्हिटॅमिन सी, लॅबची शुद्ध पूड. मेडिकलमधल्या चघळायच्या गोळ्या चालत नाहीत, त्यात साखर आणि बाकीचं बरंच असतं.

०.२१०५ ग्रॅम, पाणी ०.०८६९, कार्बन डायऑक्साइड ०.३१४९. कार्बन ४०.८३ टक्के, हायड्रोजन ४.६२, ऑक्सिजन ५४.५५. प्रमाण १ : १.३५ : १.००.

ह्यावेळी कुणी १.३५ चा १ केला नाही. दीडला दोननं गुणायचं, १.३३ किंवा १.६७ ला तीननं, १.२५ किंवा १.७५ ला चारनं, ही सवय पाहिजे. तीननं गुणलं, ३ : ४.०५ : ३.०१, सी३ एच४ ओ३. मोलर मास १७६, ह्या फॉर्म्युल्याचं वजन ८८, म्हणजे दुप्पट, सी६ एच८ ओ६. तीन मोजमापं, एक भागाकार, विषय संपला. साखरेनंतर हे इतकं सरळ आलं की पोरांना विश्वास बसेना.

१४ सप्टेंबर

निपाणीत राहून तंबाखूचं नाव न घेता केमिस्ट्री संपवता येत नाही. पोरांनीच काढलं, निकोटीन करूया. शुद्ध निकोटीन लॅबमध्ये आणणार नाही हे पहिल्यांदा सांगितलं, ते कातडीतनं सुद्धा अंगात जातं आणि फार विषारी आहे. पण कागदावर करूया, कारण त्याच्यात आपल्या सगळ्या प्रोजेक्टची परीक्षा आहे.

पोसेल्ट आणि रायमान ह्या दोघांनी हायडलबर्गला १८२८ मध्ये तंबाखूतनं ते वेगळं काढलं आणि फॉर्म्युला मेल्सेन्सनं १८४३ मध्ये दिला. मधल्या वर्षांत पदार्थ बाटलीत होता पण तो काय आहे ते लिहिता येत नव्हतं.

आता समजा कुणी आपल्या मांडणीवर निकोटीन जाळलं. कार्बन येणार ७४.०३ टक्के, हायड्रोजन ८.७०. उरले १७.२७. सवयीनं काय लिहिणार? ऑक्सिजन. पोरांना तसंच करायला लावलं. १७.२७ भागिले १६ म्हणजे १.०७९, कार्बन ६.१६३, हायड्रोजन ८.६३. प्रमाण ५.७१ : ८.०० : १. ५.७१ ला सातनं गुणलं की ४०, म्हणजे सी४० एच५६ ओ७. आणि हा फॉर्म्युला टक्क्यांशी अगदी काट्यावर जुळतो! कुठंही ०.०१ चा सुद्धा फरक नाही. साखरेच्या रनमध्ये आम्ही ०.४ साठी धडपडत होतो आणि इथं निकोटीनशी काही संबंध नसलेला फॉर्म्युला बिनचूक बसला. कारण साधं आहे, चौदा आणि सोळाचं प्रमाण सातास आठ, त्यामुळं नायट्रोजनच्या जागी ऑक्सिजन घातला तरी गणित पूर्णांकातच उतरतं. गणित तक्रार करत नाही. त्याला काय जाळलं ते माहीतच नसतं.

म्हणून जाळायच्या आधी लॅसेन टेस्ट, पदार्थ सोडियमबरोबर तापवून करायची, प्रुशियन ब्लू हा गडद निळा रंग आला की नायट्रोजन आहे. पीयूसीच्या प्रॅक्टिकलला सगळ्यांनी केलेली असते, मार्कांपुरती. नायट्रोजन आहे म्हणल्यावर तो वेगळा मोजायचा, ड्युमाच्या पद्धतीनं, वायूचं आकारमान घेऊन. १७.२७ टक्के नायट्रोजन मोजून मिळाला की तिघांची बेरीज १००.००, आणि ही शंभर आपण आणलेली नाही, तीन वेगळ्या मोजण्यातनं आपोआप आलेली आहे. उरलं काहीच नाही, म्हणजे ऑक्सिजन नाही. मोल ६.१६३, ८.६३, १.२३३, प्रमाण ५ : ७ : १, सी५ एच७ एन. वजन ८१, मोलर मास १६२, म्हणून सी१० एच१४ एन२.

कोगनोळीच्या पोराच्या घरी शेती. तो म्हणाला मग युरियाच्या पोत्यावरचा ४६ टक्के पण असाच तपासता येईल. येईल की, सीएच४एन२ओ, साठात अठ्ठावीस, ४६.७. पण डीएपी खताच्या पोत्यावर जे १८:४६ असतं त्यातला ४६ फॉस्फरसचा नाही, पी२ओ५ (फॉस्फरसचं ऑक्साइड) धरून काढलेला आहे, नुसता फॉस्फरस धरला तर वीसच्या आसपासच. पोत्यावर छापलेल्या आकड्याला सुद्धा हे मोजलं कसं आणि धरलं काय हा प्रश्न विचारावा लागतो, आणि हे शेतात खत टाकणाऱ्याच्या पोराला कळलं ह्याचा मला ॲस्कॉर्बिकच्या सुंदर रनपेक्षा जास्त आनंद झाला.

२१ सप्टेंबर

पुढच्या बॅचसाठी लिहून ठेवते.

जर्नलच्या टेबलात ऑक्सिजनच्या रकान्यासमोर "वजाबाकीनं" असं लिहायचंच. त्याशिवाय मी सही करणार नाही.

सोडा लाइम दर दोन रनांनी बदला. क्लोराइडची नळी नवीन भरली की कार्बन डायऑक्साइडनं भरून घ्या. ब्लँक रोज.

कापूर पुढच्या वर्षी करायचा, सी१० एच१६ ओ, कार्बन ७८.९ टक्के, ऑक्सिजन फक्त १०.५. ऑक्सिजन कमी असला की वजाबाकीतली चूक त्याच्या मानानं मोठी होते, अर्धा टक्का चुकला तरी प्रमाण हलतं, त्यामुळं साखरेपेक्षा जास्त काटेकोर व्हावं लागेल. आणि कापूर उघड्या बोटीत ठेवायचा नाही, तो न वितळताच उडून जातो, वजन करताना सुद्धा कमी होत असतो, आणि नळीत त्याची वाफ ऑक्सिजनमध्ये मिसळून एकदम पेटली तर नळी फुटेल. बारीक तोंडाच्या काचेच्या अँप्यूलमध्ये (छोट्या कुपीत) घ्यायचा, तोंड बंद करून मग वजन, नळीत सोडायच्या आधी टोक मोडायचं आणि फर्नेसकडं अगदी हळू न्यायचं. अँप्यूल ओढायला मामा शिकवतील, त्यांना विचारलंय, हो म्हणालेत. गॉगल आणि समोर ॲक्रिलिकची शील्ड लावल्याशिवाय कुणी हात लावायचा नाही.